अप्पांच्या पिशवीतला शेवटचा फोटो

मन्मथअप्पांनी जेवढी लग्नं जुळवली तेवढी लुगडी त्यांच्या दुकानातून विकली गेली नसतील. हे मी नाही म्हणत, त्यांची सून सारिका म्हणायची. दुकान तीच चालवायची, तेव्हा तिला माहीत असणार. अप्पा जाऊन आता वर्ष होत आलं, पण अंबाजोगाईच्या बसस्टँडवर उतरलो की अजून माझी नजर त्यांना शोधते. कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर, त्यावर ढीगभर खिशांचं खाकी जाकीट आणि खांद्याला कॅनव्हासची पिशवी. कुठली गाडी धरायची हे ठरलेलं नसायचं. जी आधी लागेल ती. पिशवीत फोटो असायचे, लग्नाच्या पोरापोरींचे, आणि ते घेऊन हा माणूस तीन तालुके हिंडायचा. बदल्यात चहा घ्यायचा, तोही बशीत ओतून. दुसरं काही घेतलेलं मी पाहिलं नाही.

फोटो दाखवायची त्यांची एक रीत होती. कुणाच्या घरी गेले की पिशवीला हात लावायचे नाहीत. आधी पाण्याची चौकशी, कापसाची चौकशी, म्हातारीच्या कंबरेची चौकशी. मग जाकिटाच्या वरच्या खिशातून पासपोर्ट साइजचे चार फोटो काढून सतरंजीवर मांडायचे. चारच. पाचवा मागितला तर म्हणायचे, आधी ह्या चौघींकडं नीट बघा, माणसाच्या नजरेत चारच मावतात. त्यातल्या एकीवर कुणाचं बोट टेकलं की तिचा पोस्टकार्डाएवढा फोटो पिशवीतून निघायचा. पोराच्या आईनं तो उजेडात नेऊन बघितला तरच तिसरा, साडीतला, उभा. एकदा पसंत पडलेला फोटो परत पिशवीत जायचा नाही, तो जाकिटाच्या डाव्या खिशात. कारण अर्ध्या तासात घरातली एखादी आत्या उगवणार आणि तोच परत मागणार, हे ठरलेलं.

आणखी दोन नियम होते. पोरीला स्वतः विचारल्याशिवाय तिचा फोटो घ्यायचा नाही, बाप कितीही मोठा असो. आणि लग्न जमलं की फोटो त्याच दिवशी परत. लग्न झालेल्याचा फोटो पिशवीत ठेवणं म्हणजे भांडण खांद्यावर घेऊन हिंडणं, असं ते म्हणायचे.

जाकिटाला आतून एक खिसा होता. त्यातला फोटो सारिकाचा. अप्पांचा एकुलता एक पोरगा महेश मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तिचं परत लग्न करून द्यायचं हे अप्पांनी वर्ष सरायच्या आत मनाशी धरलं. पण जगाची लग्नं जुळवणाऱ्या माणसाला घरातल्या पोरीसाठी माणूस मिळेना. फोटो बघून लोक खूश व्हायचे, आणि सगळी हकिकत कळली की चहाचा कप खाली ठेवायचे. लोक म्हणजे तरी कोण, ज्यांचे संसार अप्पांनीच मांडून दिले तेच. शेवटी त्यांनी तो फोटो दाखवणं सोडलं, सोबत वागवणं मात्र सोडलं नाही. त्यांच्या जिवाला लागलेली ही एकच गोष्ट होती आणि ती सगळ्या गल्लीला माहीत होती.

मी तेव्हा पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करत होतो, अप्पांच्या दुकानासमोरच. एक दिवस ते जिना चढून वर आले, खुर्चीत बसले आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"इंजिनेर, गुडघे गेले माझे. ही पिशवी फोनात घाल."

मी पंधरा दिवसांत ॲप केलं. पोरांना फोन लावले, नवीन फोटो मागवले, सगळे क्लाउडवर चढवले. कुठं ठेवलेस म्हणून अप्पांनी विचारलं, तर मी सांगितलं, ढगात समजा. ते म्हणाले, आपल्याकडं ढग कधी थांबलाय का बे? पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनी आतल्या खिशातला फोटो माझ्या हातात दिला. हा सगळ्यांच्या शेवटी घाल म्हणाले, खरं ते सगळं लिही, आणि सारिकाला सांगू नको. मी घातला. त्यांचा नियम तेव्हा मला आठवला होता, तरीही घातला.

ॲप माझ्या घरी असं पळत होतं की काय सांगू. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाईपर्यंत दीडशे पोरी हजर. घरात चांगलं वायफाय असलं की माणसाला आपण फार हुशार असल्याचं वाटतं. अप्पा ते घेऊन गेवराईकडं तलवाड्याला गेले. तिथं नेटवर्कची एक काडी, तीही गच्चीवर. आणि मी शहाण्यानं काय केलेलं, तर फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे, भलेमोठे, ढगात टाकलेले, आणि ॲप उघडलं की सगळेच्या सगळे एकदम मागवायचे. अप्पांसमोर घरची पंधरा माणसं बसली आणि फोनवर राखाडी चौकटी. त्यात एक गोल फिरतोय. चहा झाला, परत चहा झाला. मग एका पोरीचं कपाळ आलं. मग भुवया. मग तासभर काहीच नाही. घरच्या म्हातारीनं बारीक डोळे करून बघितलं आणि विचारलं की बाबा, पोरीला नाक हाय का न्हाई. तेवढ्यात फोन इतका तापला की अप्पांनी तो उपरण्यात गुंडाळला, आणि दिवसाचं नेट संपलं. मग त्यांनी वरच्या खिशातून मुकाट चार फोटो काढले आणि सतरंजीवर मांडले. खिसा त्यांनी रिकामा केलाच नव्हता.

परत आल्यावर मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते चिडत नसत, चिडवत. म्हणाले, "तू पाव्हण्याच्या अंगावर सगळी पिशवी उलटी केलीस. अशानं लग्न जमत न्हाई बे, पळापळ होती." मग त्यांनी मला त्यांची रीत दमादमानं समजावली. आधी अंदाज दाखवायचा, मग चेहरा, मग माणूस. बघणाऱ्याच्या पुढ्यात मावतील तेवढेच मांडायचे. आणि जे एकदा बघितलं ते हाताशी ठेवायचं. मला लाज याची वाटली की हेच सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि आळसानं सोडून दिलेलं होतं. मग मी प्रत्येक फोटोचे दोन आकार केले. यादीत फक्त नखाएवढा, बोट लावलं की मोठा. पडद्यावर आहेत तेवढेच मागवायचे, सरकवलं की पुढचे. बघितलेले फोनमध्येच साठवून ठेवायचे, म्हणजे डावा खिसा. लोकांनी ॲप आपापल्या फोनमध्ये घेतलं, आणि तलवाड्यालाही यादी सुरू झाली. मोठा फोटो तिथं अजून रडायचा, पण यादी यायची. हीच युक्ती मी नंतर कंपनीत वापरली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी त्यांना जाकिटाबद्दल काही बोललो नाही.

डाव्या खिशानं मात्र एकदा घात केला. लग्न जमलं की मी त्याच दिवशी नाव आणि फोटो ढगातून काढायचो. पण लोकांच्या फोनमध्ये साठलेली यादी आणि फोटो तसेच राहतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. धारूरचा एक भुसार व्यापारी, थोरल्या पोरीचं लग्न अप्पांनीच लावलेलं, धाकटीसाठी स्थळं बघत होता. नेट नव्हतं म्हणून जुनी यादी उघडली, तर त्यात त्याचा सख्खा जावई. वय अठ्ठावीस, निर्व्यसनी, होतकरू, वधू पाहिजे. व्यापारी चार माणसं घेऊन जीपमधून दुकानात आला. मी समोरच्या खिडकीतून बघितलं आणि सरळ खिडकी लावून घेतली. सारिका कापड फाडत होती, ती फाडतच राहिली. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि विचारलं की बाकी राहू द्या, ते निर्व्यसनी लिहिलंय ते तरी खरं हाय का? व्यापारी एकदम थंड पडला. जावयाच्या गालात गुटख्याची पुडी असायची हे सगळ्या धारूरला माहीत होतं. सारिका म्हणाली की चांगला माणूस हाय म्हणून चुकून र्‍हायला, तुमी ब्लाउजपीस बघा. व्यापारी आठ ब्लाउजपीस घेऊन गेला. मी त्याच दिवशी ॲपला शिकवलं की नेट मिळालं की आधी ढगात विचार, आणि जे काढलेलं असेल ते आपल्याकडूनही पुसून टाक.

असे चार-सहा महिने गेले. मधल्या काळात माझाही फोटो त्या यादीत आल्याचं मला एका मामीनं सांगितलं. अप्पांनी स्वतःच चढवला होता. पोरीला विचारायचा नियम हाय, इंजिनेरला न्हाई, असं त्यांचं उत्तर.

आणि मग एक दिवस ते फोन घेऊन वर आले. आवाज खाली. "आमची सारिका मधनंच पल्लवीच्या नावापुढं कावून दिसती?"

पल्लवी यादीत वरून दुसरी. सारिका सगळ्यांत शेवटी. मी करून बघितलं तर खरंच. नेट मंद असलं आणि माणसानं भराभर खालपर्यंत सरकवून परत वर आणलं, की तसं व्हायचं. फोन पडद्यावरच्या त्याच चार-पाच जागा फिरवून वापरतो, अप्पांच्या सतरंजीसारख्या. नाव लगेच बदलतं. पण खाली गेल्यावर मागितलेला फोटो रमतगमत येतो, तोवर त्या जागेवर दुसरीच पोरगी आलेली असते, आणि हा येऊन बसतो. तुझी जागा गेली, आता माघारी जा, हे त्या उशिरा आलेल्या फोटोला सांगायचं मी विसरलो होतो. अप्पांना लगेच कळलं. म्हणजे उशिरा आलेला वऱ्हाडी, दिसंल त्या पंगतीत बसला, असं ते म्हणाले. मी म्हणालो, दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता करतो.

"आठ दिवस र्‍हाऊ दे," अप्पा म्हणाले. ते गुडघा चोळत खिडकीबाहेर बघत होते. "घाई काय हाय."

हे बरोबर नाही, असं मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. मी संगणक बंद केला.

सहाव्या दिवशी तलवाड्याहून फोन आला. वैजनाथ नावाचा माणूस, चौतीस वर्षांचा, बी-बियाणांचं दुकान, घरात आई आणि तो. दहा वर्षं प्रत्येक स्थळाला काहीतरी खोट काढलेला. त्याला पल्लवीच्या नावापुढचा फोटो आवडला होता. बोट लावलं असतं तर मोठा फोटो खऱ्या पल्लवीचा आला असता, पण तलवाड्यात मोठ्याची वाट कोण बघणार, त्यांनी नखाएवढ्यावरच ठरवलं. अप्पांनी त्यांना आपल्याच घरी, दुकानाच्या माडीवर बोलावलं. मुलीकडचे इकडंच येणार आहेत असं सांगितलं. सारिकालाही तेच, आणि पोहे करायला सांगितलं. मला म्हणाले, तू पण बस, ॲपवाला म्हणून.

ती दुपार आठवली की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. वैजनाथ रुमालानं सारखा कपाळ पुसत होता. त्याची आई माडीचे वासे मोजत होती. सारिका साध्या घरच्या साडीत, पदर खोचलेला, पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. वैजनाथनं मान वर केली आणि आईला हळूच म्हणाला, हीच.

अप्पांचा हात जाकिटाच्या आतल्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. वाटलं असतं तर त्यांना तिथं काहीही रचून सांगता आलं असतं, तेवढी जीभ त्यांना होती. पण ते भिंतीला धरून उठले आणि उभ्यानंच बोलले.

"फोटो हिचा हाय, नाव दुसरीचं. ही माझी सून. पोरगा जाऊन चार वर्सं झाली. चूक ह्या इंजिनेरच्या ॲपची. पण मला ती आठ दिवसांमागं कळली आन मी झाकली. ती चूक माझी."

आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. सारिकानं ताट खाली ठेवलं. ती पाहुण्यांशी नाही, अप्पांशी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"अप्पा, पोरीला इचारल्याबिगर तुमी फोटो घेत न्हाई. लोकांच्या पोरीला इचारलं. मला कधी इचारलं?"

अप्पा भिंतीला धरून परत खाली बसले. सारिका पाहुण्यांकडं वळली आणि म्हणाली की पोहे गार होतील, खाऊन जा. आई उठून जिन्याकडं गेली. वैजनाथ मात्र मान खाली घालून पूर्ण बशी खाऊन मग गेला.

त्यानंतर अप्पा हिंडायचे थांबले. दुकानात गल्ल्यावर बसायला लागले. गिऱ्हाइकाला अडीच मीटर पाहिजे असलं तर हे तीन मीटर फाडायचे. सारिका त्यांच्याशी बोलत नव्हती. वाढलंय, जेवून घ्यायला सांग, हा निरोपसुद्धा दोन हातांवर बसलेल्या सासऱ्याला माझ्यामार्फत जायचा. फोटोची चूक मी त्याच दुपारी दुरुस्त केली होती. तुझं नाव यादीतून काढू का, असं मी सारिकाला विचारलं. खरं लिहिलंय ना सगळं, म्हणाली. मी हो म्हणालो. "मग र्‍हाऊ दे. आता इचारलंस."

एका सकाळी मी कुठले फोटो उशिरा पोचतात ते बघायला बसलो. ढगाकडं नोंद असते, कुठला फोटो कुठल्या फोननं कधी मागितला. सारिकाचा मोठा फोटो कुणीच कधी उघडलेला नव्हता. पण गेल्या चार दिवसांत एकाच फोननं तो अकरा वेळा मागितला होता आणि अकराही वेळा तो अर्ध्यावर तुटला होता. फोन तलवाड्याचा. मालकाचं नाव वैजनाथ. अशा नोंदी बाहेर सांगायच्या नसतात, हे मला शिकवलेलं आहे. मी जिना उतरून दुकानात गेलो आणि सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

सारिका ठाण गुंडाळत होती, तिचे हात थांबले. अप्पांनी मान वर केली नाही, पण कात्री खाली ठेवली.

"फोटो हलका कर की बे," ते म्हणाले. "अर्ध्यावर तुटतोय त्यो. किती येळ गच्चीवर उभा र्‍हाईल माणूस."

मी म्हणालो, आत्ता करतो, पाच मिनिटांत.

"हलका करायचा न्हाई," सारिका म्हणाली. तिनं ठाण पूर्ण गुंडाळलं, फळीवर सरळ करून ठेवलं, मग बोलली. "अकरा येळा मागितला ना? बाराव्यांदा मागायचा न्हाई म्हणावं. समोर यायचं. आईला घेऊन."

कितीतरी दिवसांनी ती अप्पांच्या देखत आणि अप्पांना ऐकू जाईल असं बोलली होती. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मला दरडावलं की उभा काय, फोन लाव.

ते आले. या खेपेला आईनं पोहे खाल्ले. वैजनाथ आणि सारिका गॅलरीत तासभर बोलले, काय ते आम्हाला कळलं नाही. अप्पा मला दोनदा म्हणाले की जाऊन ऐक, मी गेलो नाही, आणि याचा मला अभिमान आहे. लग्न देवळात झालं, पन्नासेक माणसांत. अप्पा मुलीकडचे म्हणून उभे होते. त्याच संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन नियमाची आठवण करून दिली. कागदाचा फोटो मी सारिकाला परत दिला, आणि तिचं नाव, छोटा फोटो, मोठा फोटो, सगळं ढगातून काढलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळ्यांच्या फोनमधूनही पुसलं गेलं असणार.

अप्पांना मी शेवटचं बघितलं ते मांजरसुंब्याला. मी पुण्याला निघालो होतो, गाडी चहाला थांबली. टपरीच्या बाकड्यावर अप्पा बसलेले, बशीत चहा, तलवाड्याहून परत चाललेले. लेकीकडं दोन दिवस राहिलो म्हणाले. लेकीकडं म्हणाले. खांद्याला कॅनव्हासची पिशवी होती, फोटोंनी फुगलेली. मला रागच आला. मी विचारलं की मग ॲप कशाला केलं, गुडघे गेलेत आणि परत हे ओझं? त्यांनी फोन काढून माझ्यापुढं धरला. ॲप उघडं होतं. यादीत सगळे जुनेच चेहरे, नवीन एकही नाही. त्यांनी अंगठ्यानं दमादमानं खाली सरकवत नेलं, अगदी शेवटापर्यंत, आणि बोट लावलं, तर सारिका, साडीत, उभी, पदराच्या जरीसकट स्वच्छ.

मी चक्रावलो. हा पुसला गेला नाही? अप्पा गालात हसले. लग्नाच्या दिवशी तुला सांगायच्या आधीच मी ह्या फोनचं नेट बंद केलं, म्हणाले, त्ये परत चालू केलंच न्हाई. म्हणजे या एका फोटोसाठी हा म्हातारा फोनचं नेट बंद ठेवून, पिशवी खांद्याला मारून परत गावोगाव हिंडत होता.

"लग्न झालेल्याचा फोटो पिशवीत ठेवू नये," मी म्हणालो. "तुम्हीच सांगायचा."

"पिशवीत कुठं हाय?" अप्पा म्हणाले. त्यांनी फोन जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा थापटला.

अंबाजोगाईची गाडी लागली. गुडघ्याला हात देत ते चढले, खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या बाईला तिच्या पोरीचं वय विचारायला लागले. गाडी हलली तेव्हा त्यांनी वरच्या खिशातून एक पासपोर्ट साइजचा फोटो काढून तिच्या हातात दिला होता, आणि ती बाई फोटोवरून नजर उचलून माझ्याकडं बघत होती.